आयर्लंडचा धावपटू नक्की कुणाचा? एक बेट, दोन देश आणि झेंड्यांची भानगड

कीरा मगीन नावाची १५०० मीटर पळणारी आयरिश बाई आहे. जून २०२४ मध्ये रोमच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये तिनं गोल्ड मारलं, जर्सी हिरवी, देश आयर्लंड. आता त्याच्या दोन वर्षं आधीचं, ऑगस्ट २०२२ चं बर्मिंगहॅमचं कॉमनवेल्थ काढून बघा, तीच बाई, तीच रेस, सिल्व्हर मेडल, पण बोर्डावर देशाचं नाव 'नॉर्दर्न आयर्लंड'. आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तर म्युनिकला युरोपियनमध्ये परत सिल्व्हर आणि परत नाव आयर्लंड! आपला बीडचा अविनाश साबळे त्याच बर्मिंगहॅममध्ये स्टीपलचेसचं सिल्व्हर घेऊन आला तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही की बाबा तू कुठल्या देशाचा. आयर्लंडमध्ये मात्र हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ चालूच आहे.

हिनं टीम बदलली का? नाही. दोन देशांकडून खेळायची सूट कुणी ओळखीनं दिली का? तेही नाही, सगळं नियमात बसतं. पण तो नियम असा का आहे ते कळायला जरा मागं जावं लागतं, आणि मधे एक असा काळ येतो की आयर्लंडनं एका वाक्याच्या नियमापायी ऑलिम्पिक गोल्डची संधी सोडून दिली. म्हणून मेडलांचा तक्ता राहू दे, आधी हा घोळ.

आधी नकाशा. आयर्लंड हे बेट एकच, त्यात ३२ काउंट्या, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा म्हणा. १९२१-२२ च्या सुमारास फाळणी झाली, २६ काउंट्या स्वतंत्र झाल्या (आजचं रिपब्लिक, राजधानी डब्लिन) आणि वरच्या ६ काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या (नॉर्दर्न आयर्लंड, बेलफास्टवाला). आता खेळात काय झालं तर प्रत्येक खेळानं आपापलं वेगळं ठरवलं. क्रिकेट आणि रग्बीची टीम अख्ख्या बेटाची, म्हणूनच पॉल स्टर्लिंग जन्मानं बेलफास्टचा म्हणजे कायद्यानं यूकेतला, तरी तो आयर्लंडचा कॅप्टन होतो आणि कुणाला काही वाटत नाही. फुटबॉलच्या सरळ दोन टीम. आणि ॲथलेटिक्स? ॲथलेटिक्स ना इकडे ना तिकडे, मधेच लोंबकळत, आणि तिथेच सगळी मजा आहे.

फाळणीच्या आधी तर अख्खं बेटच ब्रिटिश राज्यात होतं, त्यामुळे आयरिश माणूस ऑलिम्पिकला गेला की तो ब्रिटनच्या नावावर. हे सगळ्यांना चालत होतं असं नाही. पीटर ओ'कॉनर म्हणून लांब उडीवाला होता, १९०१ मध्ये त्यानं डब्लिनला ७.६१ मीटर उडी मारली, हे वर्ल्ड रेकॉर्ड वीस वर्षं टिकलं आणि आयरिश रेकॉर्ड म्हणून तर १९९० पर्यंत कुणाला मोडता आलं नाही. हा माणूस १९०६ मध्ये अथेन्सच्या गेम्सला गेला, सोबत कॉन लेही आणि जॉन डेली, तिघांची समजूत अशी की आपण आयर्लंडकडून आलोय. तिथे गेल्यावर कळलं की आता एंट्री फक्त राष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीकडूनच घेणार, आयर्लंडला तशी कमिटी नाही, म्हणून तुम्ही ब्रिटन. लांब उडीत ओ'कॉनर दुसरा आला, तिथेही वाद, कारण जज होता तो जिंकणाऱ्या अमेरिकन खेळाडूच्याच टीमचा मॅनेजर. मग झेंडे चढवायची वेळ आली आणि त्याच्या नावानं युनियन जॅक वर जायला लागला. ओ'कॉनर पठ्ठ्या सरळ खांबावर चढला आणि वर जाऊन हिरवा झेंडा फडकवला, त्यावर सोनेरी हार्प (एक तंतुवाद्य) आणि 'एरिन गो ब्रा', म्हणजे आयर्लंड चिरायू होवो. खाली लेही उभा, कुणी पोलीस वगैरे जवळ आला तर अडवायला! आणि एवढं सगळं करून नंतर तिहेरी उडीत ओ'कॉनरनं गोल्ड मारलं, लेही त्यात दुसरा. (ह्या १९०६ च्या गेम्सना ऑलिम्पिकवाले आता अधिकृत धरत नाहीत, पण खांबावर चढलेला माणूस तर चढलाच ना.)

आपल्याकडे नॉर्मन प्रिचार्डचं असंच आहे बघा, कोलकात्यात जन्मलेला, १९०० च्या पॅरिसमध्ये दोन सिल्व्हर, ऑलिम्पिकवाले ती मेडल भारताच्या खात्यात धरतात आणि ॲथलेटिक्सची जागतिक संघटना ब्रिटनच्या. गुलामीतल्या देशांच्या मेडलांचे हिशोब असेच असतात.

आता दुसरी वाट, अमेरिकेची. आयर्लंडमधून पोटापाण्यासाठी लाखो लोक तिकडे गेले, त्यात काही आडदांड, उंचपुरे, खाऊनपिऊन तगडे, बरेचसे न्यूयॉर्क पोलिसात भरती झालेले. हे लोक हातोडाफेक, गोळाफेक, थाळीफेक असल्या प्रकारांत अमेरिकेच्या जर्सीत उतरायचे आणि सगळ्यांना धुवायचे, अमेरिकन पेपरवाल्यांनी त्यांना 'आयरिश व्हेल' (देवमासे) असं नावच पाडलं. जॉन फ्लॅनॅगन, लिमरिकचा, १९००, १९०४ आणि १९०८ अशी सलग तीन ऑलिम्पिक गोल्ड हातोडाफेकीत. १९१२ ला मॅट मॅग्रा, तोही आयरिश. १९२० ला पॅट रायन, तोही आयरिश. १९०८ ला तर पहिले तिघंही आयर्लंडमध्ये जन्मलेले, दोन अमेरिकेकडून आणि तिसरा कॅनडाकडून, आयर्लंडच्या नावावर शून्य.

१९२४ चं गोल्ड एका अमेरिकेत जन्मलेल्या माणसानं नेलं आणि मग आला पॅट ओ'कॅलहन. हा कॉर्क काउंटीतल्या कँटर्कचा, पेशानं डॉक्टर, आणि अमेरिकेतून आयर्लंडला परत आलेल्या फ्लॅनॅगनकडून त्याला शिकायला मिळालं. १९२८, ॲमस्टरडॅम, ५१.३९ मीटर, गोल्ड. स्वतंत्र आयर्लंडचं हे पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, स्वतःच्या झेंड्याखाली. म्हणजे १९०० पासून १९३२ पर्यंत हातोडाफेक आठ ऑलिम्पिकमध्ये झाली आणि त्यातली सात गोल्ड आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसांनी घेतली, असलं वर्चस्व आपण फक्त हॉकीत ऐकलंय.

१९३२ चं लॉस एंजेलिस जरा सविस्तर सांगतो कारण ते सांगण्यासारखंच आहे. ओ'कॅलहन तिथे आला तो लांब खिळ्यांचे बूट घेऊन, कारण त्याला सवय मऊ जमिनीवरून फेकायची. तिथलं वर्तुळ निघालं कडक. हातोडाफेकीत माणूस गोल गोल गिरक्या घेतो, पायाखाली बूट सरकला पाहिजे, आणि याचे खिळे अडकायला लागले, त्यामुळे वेग येईना, फेकी पडेनात. त्याच दुपारी त्याचा सोबती बॉब टिस्डॉल याची ४०० मीटर अडथळ्यांची फायनल होती. टिस्डॉल ५१.७ सेकंदात पहिला आला, वेळ वर्ल्ड रेकॉर्डची, पण शेवटचा अडथळा पाडला आणि तेव्हाच्या नियमानं अडथळा पडला की रेकॉर्ड धरत नसत, त्यामुळे गोल्ड त्याचं आणि वर्ल्ड रेकॉर्ड मागून आलेल्या ग्लेन हार्डिनचं, असा सगळा प्रकार. तर हा टिस्डॉल आपलं काम उरकून ओ'कॅलहनकडे आला आणि दोघं बसले बुटांचे खिळे घासत. खिळे आखूड झाले, शेवटची फेक, ५३.९२ मीटर, फिनलंडच्या पोरहोलाला मागं टाकून गोल्ड. एका दुपारी तीसेक लाख लोकवस्तीच्या देशाला दोन ऑलिम्पिक गोल्ड.

इथून पुढं सगळं नीट चाललं असतं. पण नाही.

आयर्लंडमधली ॲथलेटिक्सची संघटना होती एनएसीए, १९२२ ची, आणि ती मानायची की आपण ३२ काउंट्यांचे, अख्ख्या बेटाचे. उत्तरेतले काही क्लब १९२० च्या दशकातच वेगळे झाले होते आणि ब्रिटनच्या संघटनेकडे झुकले होते, पण एनएसीएचा दावा कायम. मग १९३४ मध्ये जागतिक संघटनेनं नियम केला की कुठल्याही देशाच्या संघटनेचा अधिकार त्या देशाच्या राजकीय सीमेपर्यंतच, बास. वाचायला किती साधं वाटतं! पण आयर्लंडला लावलं की अर्थ होतो, उत्तरेतल्या सहा काउंट्या सोडा आणि फक्त २६ च्या नावानं या. एनएसीए म्हणाली, म्हणजे आम्ही सही करून फाळणी मान्य करायची? जमणार नाही. १९३५ मध्ये जागतिक संघटनेनं त्यांना सस्पेंड केलं आणि १९३६ च्या बर्लिनला आयर्लंडनं टीमच पाठवली नाही.

ओ'कॅलहन तेव्हा तीस वर्षांचा, हातोडाफेकीत म्हणजे ऐन भरात. बर्लिनला तो गेला पण प्रेक्षक म्हणून. जर्मनीच्या कार्ल हाइननं ५६.४९ मीटरवर गोल्ड घेतलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३७ मध्ये, ओ'कॅलहननं कॉर्कमधल्या फर्मॉय गावच्या मैदानात ५९.५६ मीटर फेकला. तेव्हाचं वर्ल्ड रेकॉर्ड पॅट रायनचं, १९१३ पासूनचं, ५७.७७. जवळजवळ दोन मीटरनं मोडलं, पण संघटना सस्पेंड असल्यामुळे रेकॉर्ड कुणी नोंदवलंच नाही. वर्षभरानं एका जर्मनानं ५९.०० मीटर फेकला आणि पुस्तकात नवीन वर्ल्ड रेकॉर्ड म्हणून ते लागलं. बर्लिनला ओ'कॅलहन जिंकलाच असता असं कोण सांगणार, पण आकडे समोर ठेवा आणि तुम्हीच ठरवा.

चूक कुणाची ह्यावर आयरिश लोक आजही वाद घालतात. मला वाटतं नियम आडमुठा होता, आणि तो कुणाच्या सोयीचा होता हे उघड आहे, पण खेळाडूला घरी बसवून सीमा हलत नाही हेही तितकंच खरं, आणि भोगलं ते खेळाडूनं, संघटनेच्या टेबलावर बसलेल्यांनी नाही. तत्त्व महागात पडतं असं म्हणतात, इथे बिल दुसऱ्यानंच भरलं.

पुढं १९३७ मध्ये २६ काउंट्यांचा नियम मान्य करणारी दुसरी संघटना निघाली, तिला जागतिक मान्यता मिळाली, आणि जुनी एनएसीए तशीच चालू राहिली. मग सगळं डबल: दोन संघटना, दोन राष्ट्रीय स्पर्धा, एकाच गावात दोन क्लब, हा त्याच्या मीटला जायचा नाही आणि तो ह्याच्या. भावकीच्या वादात जमीन पडीक राहते तसं झालं, फक्त इथे पडीक राहिली ती पोरांची उमेदीची वर्षं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला दोन्हीकडचे खेळाडू जाऊन पोचले आणि एनएसीएवाल्यांना पळूच दिलं नाही. १९६७ ला बरेचसे एकत्र आले, तरी एक तुकडा अडून राहिला, तो पूर्ण मिटायला २००० उजाडलं आणि आज जी 'ॲथलेटिक्स आयर्लंड' आहे ती तेव्हाची.

ह्या काळात चांगलं काही झालं नाही असं नाही, फक्त ते बरंचसं देशाबाहेर झालं. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ व्हिलानोवा युनिव्हर्सिटी आहे, तिथल्या जंबो एलियट नावाच्या कोचनं १९४० च्या दशकाच्या शेवटापासून आयरिश पोरांना स्कॉलरशिप देऊन न्यायला सुरुवात केली. रॉनी डिलेनी तिथलाच, १९५६ मेलबर्न, १५०० मीटर गोल्ड, ३ मिनिटं ४१.२ सेकंद. एमॉन कॉग्लन तिथला, १९७६ आणि १९८० दोन्ही ऑलिम्पिकमध्ये चौथा (सलग दोनदा चौथा, विचार करा), मग १९८३ ला हेलसिंकीत ५००० मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन, आणि वयाची चाळिशी उलटल्यावर चार मिनिटांच्या आत एक मैल पळणारा जगातला पहिला माणूस. सोनिया ओ'सुलिव्हनही व्हिलानोवाचीच, कॉर्कमधल्या कोव्ह गावची, १९९५ ची ५००० मीटरची वर्ल्ड चॅम्पियन, आणि २००० च्या सिडनीत रोमानियाच्या स्झाबोपासून पाव सेकंदाच्या आत सिल्व्हर. व्हिलानोवाचा नसलेला एक सांगायचा राहिला तर लोक ओरडतील, जॉन ट्रेसी, १९८४, लॉस एंजेलिस, आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन आणि थेट ऑलिम्पिक सिल्व्हर.

बरं, आता आजचा नियम, म्हणजे सुरुवातीचा कीरा मगीनचा प्रश्न.

ती पोर्टाफेरीची, डाऊन काउंटीतली, म्हणजे सहातल्या एका काउंटीची. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानं तिथल्या लोकांना हक्क दिला की तुम्ही स्वतःला ब्रिटिश म्हणा, आयरिश म्हणा नाहीतर दोन्ही, पासपोर्टही तसाच, एक किंवा दोन. ऑलिम्पिकचा नियम म्हणतो की ज्याच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व आहे त्यानं एक देश निवडावा. ऑलिम्पिकमध्ये नॉर्दर्न आयर्लंड अशी टीमच नाही, त्यामुळे पर्याय दोन, ग्रेट ब्रिटन किंवा आयर्लंड. एकदा मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका देशाकडून उतरलात की अडकलात, मग बदलायचं तर जागतिक संघटनेची परवानगी, साधारण तीन वर्षं थांबायचं, आणि हे आयुष्यात एकदाच.

कॉमनवेल्थमध्ये मात्र ग्रेट ब्रिटन नावाची टीम नसते, तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड सगळे वेगवेगळे. आणि रिपब्लिक तर १९४९ मध्येच कॉमनवेल्थमधून बाहेर पडलं, म्हणजे तिथे आयर्लंड नाहीच. त्यामुळे उत्तरेतल्या पोरीनं कॉमनवेल्थला नॉर्दर्न आयर्लंडकडून पळावं आणि बाकी सगळीकडे आयर्लंडकडून, यात कुठलाच नियम मोडत नाही, कॉमनवेल्थची हजेरी देश बदलण्याच्या हिशोबात धरतच नाहीत. तिथे जिंकलं तर झेंडा लाल हाताच्या चित्राचा आणि गाण्याऐवजी 'लंडनडेरी एअर'ची धून, ऑलिम्पिकला जिंकलं तर आयर्लंडचा तिरंगा आणि आयर्लंडचं राष्ट्रगीत.

सगळे आयर्लंडच निवडतात असं नाही हां. मेरी पीटर्स, बेलफास्टची, १९७२ च्या म्युनिकमध्ये पेंटॅथलॉनचं (पाच प्रकारांच्या स्पर्धेचं) गोल्ड, ग्रेट ब्रिटनकडून, आणि बेलफास्टमध्ये तिच्या नावाचा ट्रॅक आहे. आणि उलट बाजूला जेसन स्मिथ, डेरी काउंटीतला, नजर फार कमी, पॅरालिम्पिकमध्ये २००८ ते टोकियो अशी सहा गोल्ड, सगळी आयर्लंडकडून, शेवटचं तर एका शंभरांश सेकंदानं. कुणी राजकारण बघून निवडतं, कुणी घरचं वातावरण बघून, आणि कुणी सरळ हिशोब करतं की कुठल्या टीममध्ये जागा मिळेल. तिसरं कारण लोकांना आवडत नाही पण मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं, ऑलिम्पिकला जायचं स्वप्न असलेल्या माणसानं सिलेक्शनचा विचार का करू नये?

भारतीय वाचकाला हे जरा विचित्र वाटेल कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारताकडून खेळता येत नाही, पासपोर्ट हवा. आयर्लंडचं बरोबर उलट, आजी-आजोबांपैकी एकजण जरी त्या बेटावर जन्मलेला असला तरी नोंदणी करून नातवंडाला नागरिकत्व मिळू शकतं. एवढे लोक बाहेर गेलेत की त्यांच्या नातवंडांचा दरवाजा बंद करणं त्यांना परवडणारंच नाही. सोनियाची मुलगी सोफी मेलबर्नला वाढली, बाप ऑस्ट्रेलियन, पण २०२३ मध्ये तेवीस वर्षांखालच्या युरोपियनमध्ये १५०० मीटरचं गोल्ड घेतलं ते आयर्लंडच्या जर्सीत. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला ॲलिस्टर क्रॅग २००५ मध्ये आयर्लंडकडून युरोपियन इनडोअरचं गोल्ड घेऊन गेला. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडची माणसं अमेरिकेच्या नावावर हातोडा फेकत होती, आता गाडी दोन्ही दिशांना चालते.

आणि आता तर आतूनच चित्र बदललंय. रशीदत अडेलेके, आईवडील नायजेरियाचे, स्वतः डब्लिनमध्ये २००२ ला जन्मलेली, टाला भागातली. २००४ च्या सार्वमतानंतर आयर्लंडनं नुसत्या जन्मावर नागरिकत्व द्यायचं बंद केलं, ती त्याच्या आधीची. पॅरिस २०२४, ४०० मीटर फायनल, ४९.२८, चौथी. दुसऱ्याच दिवशी तिच्यासकट चौघींची ४ गुणिले ४०० रिले, सोफी बेकर, अडेलेके, फिल हीली आणि शार्लीन मॉडस्ली, ३ मिनिटं १९.९० सेकंद, राष्ट्रीय रेकॉर्ड, आणि परत चौथ्या. ब्राँझ घेणाऱ्या ब्रिटनपासून ०.१८ सेकंद! बाकी कुणी नाही, ब्रिटनच, हे आयरिश माणसाला किती लागलं असेल ते वेगळं सांगायला नको. चौथ्या नंबरचा ह्या देशाला शापच आहे, २०१६ च्या रिओत थॉमस बार ४०० अडथळ्यांत ०.०५ सेकंदानं चौथा, २०२५ च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये कियन मॅकफिलिप्स ८०० मीटर १:४२.१५ मध्ये पळून चौथा. पण त्याच टोकियोत केट ओ'कॉनरनं हेप्टॅथलॉनमध्ये ६७१४ पॉइंट करून सिल्व्हर आणलं. सात प्रकार, दोन दिवस, तेही गुडघा दुखावलेला असताना. ही जन्मानं न्यूरीची, म्हणजे सीमेच्या उत्तरेची, वाढली डंडॉकला म्हणजे दक्षिणेला, मधे गाडीनं जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये तिचं सिल्व्हर नॉर्दर्न आयर्लंडच्या नावावर, टोकियोचं आयर्लंडच्या.

२०२६ चं कॅलेंडर तर ह्या भानगडीसाठीच बनवल्यासारखं आहे. कॉमनवेल्थ ग्लासगोला, २३ जुलै ते २ ऑगस्ट. युरोपियन चॅम्पियनशिप १० ऑगस्टपासून, तेही बर्मिंगहॅमला. म्हणजे न्यूरी नाहीतर पोर्टाफेरीच्या खेळाडूला ब्रिटनमध्येच एक जर्सी काढून दुसरी घालायला मधे फक्त आठवडाभर, आणि स्कोअरबोर्ड बघताना तुमचा गोंधळ झाला तर आता किमान कारण तरी माहीत आहे.